अपग्रेड कोणासाठी?

आमच्या घरातला कॉम्प्युटर आता अकरा वर्षांचा झालाय. माझ्या मावसभावाने 2015 साली पुण्याच्या तपकीर गल्लीतून एकेक पार्ट आणून तो जुळवला होता. 2019 मध्ये त्याने लॅपटॉप घेतला आणि हा डबा मी त्याच्याकडून सोळा हजारांना उचलला. इंटेलचा चौथ्या पिढीतला आय-फाइव्ह 4460 प्रोसेसर, एच-81 मदरबोर्ड, 8 जीबी डीडीआर-थ्री रॅम, एक टीबीची हार्ड डिस्क आणि एनव्हिडियाचं जीटीएक्स 750 टीआय हे ग्राफिक्स कार्ड. या कार्डामुळे घरात सगळे त्याला ‘गेमिंग कॉम्प्युटर’ म्हणतात. मी त्यावर इनपेजमध्ये उर्दूच्या प्रश्नपत्रिका टाइप करतो, शाळेची यू-डायसची माहिती भरतो, तरी नाव गेमिंगचंच. या नावाने काय घोटाळा केला ते पुढे सांगतो.

मुलगा अकरावीत आहे. गेले सहा महिने त्याचं एकच पालुपद होतं, “अब्बू, ये अब चलताच नै. कुछ तो करो.” डिसेंबरात माझा भिशीचा नंबर लागला आणि वीस हजार हातात आले. मुलाकडे दोन-तीन ईदची साठवलेली ईदी सहा हजारांच्या आसपास होती. तो म्हणाला, “मेरे भी ले लो, पर करो.” एवढी तयारी पाहिल्यावर मलाही टाळता येईना. आम्ही दोघे सोलापुरातल्याच एका दुकानात गेलो.

दुकानदाराने कॉन्फिगरेशन ऐकलं आणि मान हलवली. “सर, हे भंगार झालं. यात एक रुपया घालू नका.” मग त्याने कागदावर नवा सेट लिहून दिला. आकडा बावन्न हजार. माझा चेहरा पाहून तो म्हणाला, “नो कॉस्ट ईएमआय आहे ना, महिन्याला काय जाणवतंय?”

या ‘नो कॉस्ट’वर थोडं बोललं पाहिजे, कारण आपल्यातले बरेच जण ‘सूद तर नाहीच ना’ म्हणून निर्धास्तपणे सही करतात. कर्ज देणारी कंपनी फुकट पैसे देत नाही. बहुतेक वेळा व्याज असतंच, फक्त तेवढीच रक्कम ‘सूट’ म्हणून वजा दाखवली जाते. रोख घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती ती तुमच्या व्याजात जिरते. वर प्रोसेसिंग फी, आणि क्रेडिट कार्डावरचा ईएमआय असेल तर व्याजाच्या रकमेवर 18 टक्के जीएसटी वेगळा. ज्याला सूद टाळायचाय त्याने हा कागद नीट वाचावा. ज्याला त्याचं काही वाटत नाही त्यानेही वाचावा, कारण ‘नो कॉस्ट’ला किंमत असतेच. मी दुकानदाराला विचार करून येतो म्हणालो. मुलगा घरापर्यंत गप्प होता.

त्या रात्री मला माझंच शिकवणं आठवलं. सहामाहीत मूल नापास झालं की आपण त्याला सरसकट ‘कच्चा’ म्हणत नाही. कोणत्या विषयात, कोणत्या प्रश्नात मार्क गेले ते बघतो. कॉम्प्युटरला मात्र आपण लगेच भंगार म्हणून मोकळे होतो. मी मुलाला म्हटलं, आधी याचा पेपर तपासू. वीस हजार कुठे जात नाहीत.

तपासणी फुकट होते आणि कुणालाही जमते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्सच्या पानावर प्रोसेसर, रॅम, डिस्क आणि ग्राफिक्स कार्ड किती टक्के राबतंय ते दिसतं. तो चालू ठेवून नेहमीचा गेम तासभर खेळायचा आणि मग आकडे बघायचे. ग्राफिक्स कार्ड 99 टक्क्यांवर आणि प्रोसेसर निवांत असेल तर कार्ड कमी पडतंय. कार्ड साठ-सत्तरवर रेंगाळतंय आणि प्रोसेसर शंभरला टेकलाय, तर नवं कार्ड घेऊन फारसा फायदा नाही, कारण प्रोसेसर त्याला काम पुरवू शकत नाही. खात्री करायची तर गेमचं रिझोल्यूशन खाली आणा. तरीही फ्रेम वाढल्या नाहीत तर अडचण प्रोसेसरची समजा.

आमच्या मुलाचा मुख्य गेम व्हॅलोरंट. लो सेटिंगवर तो सेकंदाला नव्वद ते शंभर फ्रेम देत होता. आणि आमचा मॉनिटर 60 हर्ट्झचा! म्हणजे सेकंदाला साठ चित्रांपेक्षा जास्त तो दाखवूच शकत नाही. गेम थोडा चपळ वाटतो हे मान्य, पण नवं कार्ड घालून दीडशे फ्रेम केल्या असत्या तरी डोळ्यांना साठच दिसल्या असत्या. मुलाने हे स्वतः मोजलं तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

मग अडखळतं कुठे? आकड्यांत उत्तर होतं. गेमच्या मागे ब्राउझर आणि डिस्कॉर्ड उघडे असायचे. 8 जीबी रॅम भरून जायची. रॅम भरली की विंडोज हार्ड डिस्कवर सामान हलवू लागतं, डिस्क 100 टक्क्यांवर जाते आणि नेमक्या लढाईच्या वेळी चित्र गोठतं. जीटीए-फाइव्हची गोष्ट वेगळी निघाली. तिथे ग्राफिक्स कार्ड खरोखरच 99 टक्क्यांवर होतं. तिथे मुलाची तक्रार रास्त होती, हे मी मान्य केलं.

आम्ही टास्क मॅनेजर तसाच चालू ठेवला होता. रविवारी संध्याकाळी मुलगी येऊन बसली. ती बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने अँड्रॉइड स्टुडिओ सुरू केला आणि उठून आत गेली. मी सहज स्क्रीनकडे पाहिलं. रॅम 95 टक्के, डिस्क 100 टक्के, आणि ती लाल पट्टी हलायलाच तयार नाही. प्रोजेक्ट उघडायला अकरा मिनिटं लागली. ती परत आली तेव्हा मी विचारलं, “रोज ऐसाच होता क्या?”

“हौ अब्बू. मैं चालू करके नमाज़ पढ़के आती. तब तक खुल जाता.”

“फिर बोली क्यों नहीं?”

तिने सहज सांगितलं, “ये तो भाई का गेमिंग का है ना.”

वाचकहो, मी वीस-बावीस वर्षं शाळेत शिकवतोय. मुलींनी शिकावं म्हणून पालकसभेत तासतास बोलतो. आणि माझ्याच घरात दीड वर्ष एक मुलगी रोज अकरा मिनिटं थांबत होती, तक्रार करायचा हक्क आपल्याला नाही असं समजून. तिला तसं कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही फक्त त्या डब्याला ‘गेमिंग कॉम्प्युटर’ म्हणत होतो आणि खेळतो तो मुलगा, एवढ्यावरून मालकी ठरून गेली. मुलाने सहा महिने मागणी लावून धरली म्हणून ती माझ्या कानावर आली. मुलगी बोलली नाही म्हणून तिची गरज हिशेबात धरलीच गेली नाही.

शाळेतही मी हे पाहतो. सुट्टीतला प्रकल्प कशावर केला असं विचारलं की मुलं कॉम्प्युटर म्हणतात, मुली अम्मीचा मोबाइल म्हणतात. घरात कॉम्प्युटर नसतो असं नाही. तो भावाचा असतो. म्हणून माझं पहिलं म्हणणं हे की अपग्रेडचा प्रश्न ‘कोणतं कार्ड घेऊ’ इथून सुरू करू नये. या मशीनवर घरातलं कोण कोण बसतं आणि कोणाचं काम अडतंय, इथून सुरू करावा.

आता पर्याय आणि हिशेब. मुलाचं मन एका जुन्या आरएक्स 580 कार्डावर बसलं होतं, 8 जीबीचं, सात हजारांत. एएमडीचं हे कार्ड 2017 चं आहे आणि त्या भावात ताकद चांगली देतं. पण ते 185 वॅटपर्यंत वीज मागतं आणि त्याला वेगळी आठ पिनांची वायर लागते. आमचं जुनं 750 टीआय 60 वॅटवर, सरळ मदरबोर्डमधूनच वीज घेऊन चालतं. आमच्या डब्यातला पॉवर सप्लाय लोकल, त्यावर 450 वॅट छापलेलं, पण छापण्याला काय लागतं? असल्या सप्लायवर जड कार्ड टाकणं म्हणजे कार्डासोबत मदरबोर्डही पणाला लावणं. चांगल्या कंपनीचा सप्लाय घ्यायचा तर आणखी तीन हजार. दुसरी गोष्ट, यातली बरीच कार्डं क्रिप्टो मायनिंगमध्ये रात्रंदिवस राबलेली आहेत. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि ती बाजारात आली. सगळीच खराब असतात असं नाही, पण वॉरंटी नसताना, समोर चालवून न बघता सात हजार देणं मला पटलं नाही.

नवा सेट घ्यायचा तर वेळ वाईट. जगभरात एआयच्या डेटा सेंटरना मेमरी लागतेय, कारखाने तिकडे वळलेत आणि 2025 च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकलेत. मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये आपला क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. दुकानदाराच्या बावन्न हजारांत रॅमचा वाटा पाहून मी दोनदा विचारलं होतं की आकडा चुकला तर नाही. भाव चढलेले असताना, कर्ज काढून सगळंच नवं घेण्याची आम्हाला तातडी नव्हती.

विंडोजचा मुद्दा मात्र झटकून टाकता येत नाही. विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ला अधिकृतरीत्या इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 लागतो. आमचा चौथ्या पिढीचा. आडमार्गाने बसवणारे आहेत, पण पुढे अपडेट मिळत राहतील याची हमी कंपनी देत नाही. तूर्त मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेट ऑक्टोबर 2026 पर्यंत वाढवून दिलेत. त्यासाठी खातं उघडून नोंद करावी लागते, ती आम्ही केली. एनव्हिडियानेही आमच्या कार्डाच्या पिढीला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर ऑक्टोबर 2025 नंतर बंद केलेत, फक्त सुरक्षेचे काही काळ येत राहतील. म्हणजे या मशीनचं वय झालंय हे खरंच. दुकानदार अगदीच खोटं बोलत नव्हता. पण वय झालेल्याला आजच्या आज घराबाहेर काढायचं नसतं. चालू मशीन भंगारात टाकलं की त्यातलं शिसं आणि प्लास्टिक कुठल्यातरी वस्तीच्या कडेला जळतं, तेही आपल्याच कुणाच्या तरी अंगणात.

माझा नियम असा ठरला. जुन्या मशीनवर दोनच प्रकारचा खर्च करायचा. एक, जो पार्ट उद्या नव्या मशीनमध्ये जाईल त्यावर. एसएसडी, चांगला पॉवर सप्लाय, मॉनिटर, कीबोर्ड हे सोबत जातात. दोन, जो सोबत जाणार नाही पण अगदी स्वस्त आहे आणि आजची अडचण सोडवतो त्यावर. डीडीआर-थ्री रॅम नव्या बोर्डात बसत नाही, पण जुनी मिळते आणि स्वस्त मिळते. मदरबोर्ड आणि प्रोसेसर बदलायची वेळ आली की मग तो अपग्रेड उरत नाही, नवं मशीनच होतं. त्याचा हिशेब वेगळा करावा.

एका शनिवारी सकाळी आम्ही तिघे हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला गेलो. तिघे म्हणजे मुलगीही. तपकीर गल्लीत 500 जीबीची साटा एसएसडी 3,900 रुपयांना मिळाली. एच-81 बोर्डावर नव्या धाटणीची ती चपटी एनव्हीएमई एसएसडी बसायची सोय नसते, त्यामुळे पैसे वाया घालवायच्या आधी बोर्ड बघून घ्या. 8 जीबीची जुनी डीडीआर-थ्री पट्टी 900 ला, तिथल्या तिथे लावून, तपासून. आमच्या बोर्डाला रॅमचे दोनच खाचे, एकात 8 ची पट्टी आधीपासून होती, दुसऱ्यात ही बसली आणि 16 झाली. त्या बोर्डाची मर्यादाही तेवढीच. प्रोसेसरवर लावायची थर्मल पेस्ट 200. एकूण पाच हजार.

घरी येऊन मुलाने डबा उघडला. पंख्यात धुळीची गोधडी जमली होती. ब्रशने साफ केलं, पेस्ट बदलली. माझ्या इनपेजच्या फायली आणि सगळ्यांचे फोटो आधी पेनड्राइव्हवर घेतले. त्याची आपा मोबाइलवर बघून पायऱ्या सांगत होती, तो स्क्रू फिरवत होता. अनेक दिवसांनी दोघं भांडण न करता एका कामावर बसलेली दिसली.

निकाल सांगतो, वाढवून नाही. आधी कॉम्प्युटर सुरू होऊन कामाला लागायला तीन-चार मिनिटं जायची, आता अर्ध्या मिनिटात होतो. मुलीचा प्रोजेक्ट दोन मिनिटांच्या आत उघडतो. एम्युलेटर अजूनही जड जातं, म्हणून ती अॅप आपल्या फोनवरच चालवून बघते. व्हॅलोरंटमधलं गोठणं थांबलं. जीटीए-फाइव्हमध्ये मात्र फ्रेम जवळजवळ तेवढ्याच राहिल्या, कारण कार्ड तेच आहे.

मुलगा पूर्ण खूश नाही. “अब्बू, काम तो आपा का हुआ,” असं तो म्हणाला. मी ते नाकारलं नाही. त्याला म्हटलं, यावेळी अडचण तिची मोठी होती म्हणून आधी तिचं झालं, तुझी मागणी खोटी नाही. आपल्याकडे वडीलधारी मंडळी गेमचं नाव काढलं की ‘बच्चा बिगड़ गया’ म्हणतात. मला ते मान्य नाही. दिवसभर क्लास आणि कॉलेज करून आलेला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा रात्री तास-दीड तास घरात, आमच्या डोळ्यांसमोर मित्रांशी बोलत खेळतो, त्यात बिघडण्यासारखं काही नाही. त्याच खेळामुळे तो वॅट मोजायला आणि दुकानदाराच्या कागदावर प्रश्न विचारायला शिकला. मात्र खेळासाठी कर्ज नको आणि खेळापुढे बहिणीचं काम मागे नको, या दोन गोष्टी घरात ठरल्या. आता संध्याकाळी सात ते नऊ मुलगी, नऊनंतर मुलगा. सकाळी शाळेच्या कामाला मी.

त्याच्या ईदीला मी हात लावला नाही. भिशीतले उरलेले पंधरा हजार बाजूला ठेवलेत. ऑक्टोबरपर्यंत भाव उतरले तर नवा बोर्ड आणि प्रोसेसर, आजची एसएसडी त्यातच जाईल. नाही उतरले तर अभ्यासासाठी या मशीनवर लिनक्स टाकू, ते फुकट आहे आणि अँड्रॉइड स्टुडिओ त्यावर चालतो. व्हॅलोरंट चालत नाही, हे मुलाने मला आधीच सुनावलंय. तो पुढच्या जीटीएचीही आठवण काढतो. त्याला म्हटलं, तो आधी कन्सोलवर येणार, पीसीसाठी अजून मुहूर्तच जाहीर नाही. जो गेम बाजारात आलेला नाही त्याच्यासाठी आज कार्ड कशाला घ्यायचं?

तुमच्या घरीही असा एखादा जुना डबा असेल आणि कुणीतरी अपग्रेडचा हट्ट धरला असेल. हट्ट करणाऱ्याचं ऐका, आकडे तपासा, दुकानात उधारीवर सही करू नका. आणि दुकानात जायच्या आधी एक संध्याकाळ काढून, घरात जो कधीच काही मागत नाही त्याला त्या कॉम्प्युटरसमोर बसवा आणि शेजारी बसून बघा.

आमच्याकडे ‘गेमिंग कॉम्प्युटर’ हे नाव अजून पुरतं गेलेलं नाही. परवा मीच सवयीने तसं म्हणालो. मुलगी आतून ओरडली, “अब्बू, घर का कंप्यूटर बोलो.”